मोठ्या अक्षरांची सूचना

शिरीष,

परवा तुझ्या शोकसभेत मी एक अक्षरही बोलले नाही. आपल्या अनिलने दोनदा खुणावलं, तिसऱ्यांदा तर माझं नावच पुकारलं, तरी मी मान हलवून बसून राहिले. लोकांना वाटलं, मेधाला फार लागलंय. लागलंय तर आहेच. पण खरं सांगू? मी उठले असते तर तुझी लाज काढली असती. हार घातलेल्या फोटोसमोर, तुझ्या आईच्या देखत.

एकामागून एक माणसं उठत होती आणि तेच वाक्य म्हणत होती. शिरीषने कधी कुणाला नाही म्हटलं नाही. टायपिंग क्लासचे मालक म्हणाले, कल्याणच्या वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, तुझ्या ऑफिसातला तो जाडा माणूस तर हुंदका देऊन म्हणाला. दर वेळी सभागृहात माना डोलत होत्या. आणि मी पदर आवळून मनात ओरडत होते, अरे, तेच तर! त्याचंच तर भांडण होतं माझं या माणसाशी! त्याने नाही म्हणायला हवं होतं!

तू असतास तर म्हणाला असतास, "मेधा, जरा हळू." नाही हळू बोलणार. आठ वर्षं हळूच बोलले.

आपण काय करत होतो तेही परवा कुणी धड सांगितलं नाही. 'समाजकार्य' म्हणे. 'संगणकक्षेत्रातील निरपेक्ष सेवा' म्हणे. साधी गोष्ट होती. ठाकुर्लीच्या त्या टायपिंग क्लासच्या मागच्या खोलीत मालकांनी नवा कॉम्प्युटर आणून ठेवला होता आणि रविवारी तो रिकामा असायचा. गावोगावच्या लहान वाचनालयांसाठी पुस्तकांची, सभासदांची, देवघेवीची नोंद ठेवणारा एक मराठी प्रोग्राम करायचा आणि तो फुकट वाटायचा, हे तुझं डोकं. 'कपाट' हे नावही तुझंच. कोरी फ्लॉपी आणि पत्ता घातलेलं पाकीट पाठवा, 'कपाट' भरून परत येईल. आणि नुसता प्रोग्राम नाही, त्याच्या आतलं सगळं लिखाणही त्याच फ्लॉपीवर. ज्याला कळतं त्याने उघडावं, हवं ते बदलावं, पुढच्याला द्यावं. मालक हसले होते. "अहो, उद्या तुमचाच माल कुणीतरी तुम्हालाच विकेल." तू म्हणालास, "विकू दे की. निदान त्याने उघडून वाचलेला तरी असेल."

त्या दिवशी मला तू फार आवडलास, हे आता सांगायला हरकत नाही.

मी त्या क्लासात मराठी टायपिंग शिकवायचे. चार ओळींत यंत्रं, दिवसभर खडखडाट, आणि माझी छडी कुणाच्या अंगठ्यावर पडेल याचा नेम नाही. तू पहिल्याच महिन्यात मला म्हणालास, "ही यंत्रं जाणार, मेधा. पाच वर्षांत भंगारात जातील. हे शीक." आणि शिकवलंस. मला एकदाही मठ्ठ वाटू दिलं नाहीस. मी एकच चूक सतरा वेळा केली तरी तू अठराव्या वेळी तितक्याच थंडपणे म्हणायचास, "बघ हं, कुठे अडलं?" यंत्रं खरंच गेली. माझ्याबरोबरच्या दोघी घरी बसल्या. मी आज ठाण्याच्या एका कंपनीत प्रोग्राम लिहिते ती तुझ्यामुळे. हे उपकार मी विसरलेली नाही. म्हणून तर राग इतका आहे. दुसऱ्या कुणाचा इतका आला नसता.

अक्षरं तू काढलीस. तेव्हा पडद्यावर मराठी अक्षर उमटवायचं म्हणजे ठिपका ठिपका बसवावा लागे. तू आलेखाचे कागद आणायचास आणि पेन्सिलीने एकेक चौकोन काळा करायचास. एका 'क्ष'पायी दोन रविवार घालवलेस. आम्ही हसायचो. पण पहिल्यांदा पडद्यावर पुस्तकांची यादी आली तेव्हा आम्ही सगळे खुर्च्या सोडून पडद्याभोवती जमलो. छापलेल्या पुस्तकासारखी दिसत होती. तू चष्मा पुसत बसलास.

मग पत्रं यायला लागली. कुणाला सभासदांची यादी गल्लीप्रमाणे हवी, कुणाला फाटलेल्या पुस्तकांची वेगळी नोंद हवी. माझं अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडे आली. अनुक्रमांक, तारीख, कुणाचं पत्र, काय हवं, शेरा. शेरे दोनच, 'पूर्ण' आणि 'विचाराधीन'. तिसरा 'नाही' असावा असं मी पहिल्याच महिन्यात म्हटलं होतं. आठवतं?

"नाही कशाला लिहायचं गं?" तू म्हणालास. "माणसाने आपल्याला पत्र लिहिलंय. आज नाही जमलं, उद्या जमेल. उगाच दार कशाला लावायचं?"

"पण जमणारच नसेल तर?"

"तर कुणी दुसरा करेल. आतलं सगळं दिलंय ना आपण?"

सगळ्यांना ते फार पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. कुणाला नाही म्हणायचं नाही, ही आपली रीत झाली. नवीन कुणी आलं की आपण अभिमानाने सांगायचो. आणि वही भरत गेली. 'पूर्ण' सुरुवातीच्या पानांवर बरेच, पुढे पुढे तुरळक, आणि बाकी सगळीकडे माझ्या गोलगोल अक्षरात विचाराधीन, विचाराधीन, विचाराधीन.

आता ग्रेगरीकाकांचं बोलते. परवा त्यांचं नाव कुणी घेतलं नाही, तेव्हा मीच घेते.

माजिवड्याच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत घराच्या पुढच्या पडवीत वाचनालय चालवणारे ग्रेगरीकाका. 'कपाट' मागवणाऱ्या पहिल्या दहा-बारांतले. त्यांचं पोस्टकार्ड आलं, स्वच्छ शाळेतल्या मराठीत. मला काचबिंदू आहे, पडद्यावरची अक्षरे बारीक दिसतात, ती मोठी करता येतील का? मी वहीत उतरवलं. पुढच्या महिन्यात ते स्वतःच आले, डब्यात फुगे घेऊन. तू तो तळलेला गोड गोळा हातात धरून विचारलंस, "याच्या आत काय असतं?" ते म्हणाले, "काय नाय. हवा." खोलीभर हशा झाला. मग ते कॉम्प्युटरसमोर बसले आणि नाक काचेला टेकेपर्यंत पुढे वाकले. एका डोळ्याने, मग दुसऱ्या डोळ्याने. उठले तेव्हा काचेवर नाकाचा डाग राहिला होता.

"चर्चातली मिसा चुकवून आलो मी आज," ते म्हणाले. "म्हटला, समोरासमोर विचारावा. होईल ना ओ?"

"पुढच्या आवृत्तीत नक्की, काका," तू म्हणालास. आणि रुमालाने काच पुसलीस.

पुढची आवृत्ती आली. तिच्यात काय होतं सांगू? अनिलने केलेले रंगीत खांब. कुठलं पुस्तक किती वेळा वाचलं गेलं ते दाखवणारे लाल, निळे, पिवळे खांब. कुणीही मागितले नव्हते. वहीत एक ओळ दाखव मला! पण अनिलला करायची हौस आली, त्याने रात्रंदिवस खपून केले, आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यापुढच्या आवृत्तीत पानाला नक्षीची चौकट. त्यापुढे वाढदिवसाच्या सभासदाला शुभेच्छा. ग्रेगरीकाका दर आवृत्तीला कोरी फ्लॉपी पाठवायचे. दर वेळी आपण भरून द्यायचो आणि दर वेळी अक्षरं तेवढीच.

मी वर्षानुवर्षं डोकं फोडून घेतलं, हे असं का होतं म्हणून. माणसं वाईट नव्हती. आळशी तर मुळीच नव्हती. पण ज्याला मोठी अक्षरं हवी होती त्याला प्रोग्राम लिहिता येत नव्हता, आणि ज्यांना लिहिता येत होता त्यांचे डोळे शाबूत होते. एवढंच. फुकट काम करणारा माणूस रविवारी सकाळी घरचं सोडून येतो तो मजेचं काम करायला येतो. रंगीत खांब मजेचे होते. अक्षरं मोठी करायची म्हणजे तुझ्या त्या पहिल्या वर्षीच्या लिखाणात हात घालायचा. तिथे एकेक ओळ पडद्यावर कुठे बसेल ते तू आकड्यांनी ठोकून ठेवलं होतंस, आणि ते आकडे कुठून आले हे तुलाही आठवत नव्हतं. कुणी बोट लावलं की दुसरीकडे काहीतरी कोसळायचं. म्हणून कुणी बोट लावत नव्हतं. आणि का केलं नाहीस असं विचारणार कोण, कुणाला? आज माझ्या कंपनीत काम अडलं की साहेब जाब विचारतो. तिथे कुणालाच तसा हक्क नव्हता. तुझ्या आईचं दुखणं, तुझी नोकरी, वर हे. त्यात मी तुला बोलायचं म्हणजे काय? मी ओठ मिटून घ्यायचे आणि वहीत पुढची ओळ लिहायचे.

एकदाच बोलले. आठवतंय ना? "कुणी दुसरा करेल" म्हणालास, तेव्हा मी म्हटलं होतं, "त्यांना पडदा दिसत नाही, शिरीष. आतलं लिखाण वाचायचं कसं त्यांनी? हाताने चाचपून?" तू गोरामोरा झालास. अनिल म्हणाला, "अगं, विषय काय, चाललंय काय!" आणि विषय संपला.

म्हणून मीच केलं. तीन आठवडे घरी वहिनीच्या शिव्या खात, कंपनीत जेवणाच्या सुट्टीत, मिळेल तिथे. तुझ्या आकड्यांना हात न लावता एक पळवाट काढली. प्रत्येक ठिपक्याच्या जागी आडवे चार, उभे चार ठिपके. अक्षर चौपट. पडद्यावर चारच ओळी मावायच्या, नाव अर्धं तुटायचं, तिरक्या रेघांना पायऱ्या पडायच्या. दिसायला गबाळं होतं, कबूल. पण हात लांब करून बसलं तरी वाचता यायचं. मी चष्मा काढून भिंतीपाशी उभी राहून वाचून बघितलं होतं.

त्या रविवारी तुला दाखवलं. तू बराच वेळ बघत राहिलास.

"हे काय आहे?"

"मोठी अक्षरं."

"ही अक्षरं आहेत? ह्या पायऱ्या आहेत, मेधा."

"काकांना चालतील पायऱ्या."

"मला नाही चालणार. माझी अक्षरं अशी बाहेर जाणार नाहीत. मी नीट काढून देतो ना, मोठ्या कागदावर, सगळी. दिवाळीपर्यंत दे मला."

"कुठल्या दिवाळीपर्यंत?"

तू लालबुंद झालास. तुला इतकं चिडलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. "हे बाहेर गेलं तर त्यातनं माझं नाव काढून टाक," म्हणालास. आणि मी, शिरीष, मी घाबरले. तुझं नाव काढलं तर 'कपाट'मध्ये उरतं काय? दोन 'कपाटं' झाली, ठाकुर्लीच्या मंडळींत फूट पडली, असं लोक म्हणतील. मी फ्लॉपी पर्समध्ये टाकली आणि घरी जाऊन खणात ठेवली.

हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय, आणि ते चांगलं हसू नाही. आतलं सगळं सगळ्यांचं होतं ना? ज्याला हवं त्याने बदलावं, पुढच्याला द्यावं, हेच ना आपलं ब्रीद? मग मी दुसऱ्या दिवशी माजिवड्याला उतरून ती फ्लॉपी काकांच्या हातात ठेवली असती तर मला कोण अडवणार होतं? कुणीही नाही. तू सुद्धा नाही. मी तुझा रुसवा सांभाळला. त्यांचे डोळे नाही सांभाळले. ही शिवी मला आहे, तुला नाही.

काल गेले मी. तू गेल्यावर. ती फ्लॉपी घेऊन.

त्यांना तू गेल्याचं ठाऊकच नव्हतं. पडवीत शिरले, नाव सांगितलं, तर आधी तुझीच चौकशी. "शिरीष कसे हायत? आई बरी हाय त्यांची?" मला सांगावं लागलं. त्यांनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला आणि हात तसाच छातीवर ठेवून बसले. त्यांची सून रोझी आतून पाणी घेऊन आली. मग मी कसंबसं म्हटलं की अक्षरं मोठी करून आणलीत. काही सुंदर नाहीत, पण मोठी आहेत.

रोझीने मशीन चालू केलं. मी फ्लॉपी घातली. चार ओळी आल्या, पायऱ्यापायऱ्यांच्या, आडव्यातिडव्या. काका पुढे वाकले. नाक काचेला टेकलं. एका डोळ्याने. मग दुसऱ्या डोळ्याने.

"उजेड दिसते," ते म्हणाले. "चांगला मोठा उजेड हाय."

मी रोझीकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच मला सांगितलं. नजर जाऊन वर्ष उलटलं होतं.

शिरीष, त्या क्षणी तू समोर असतास तर मी तुला मारलं असतं. खरंच मारलं असतं.

मग काका रोझीला म्हणाले, त्यांची पत्रां आन. तिने बिस्किटांचा डबा आणला. दर नाताळला तू त्यांना पत्र लिहीत होतास. मला कधी बोलला नाहीस! मी उघडलं आणि बघतच राहिले. प्रत्येक पान भरून दोन किंवा तीन शब्द. बोटभर उंचीची अक्षरं, काळ्या शाईची, प्रत्येक वळण रेखीव, कुठे एक थरथर नाही. 'प्रिय काका' हे एक पान. 'तब्येत कशी' हे दुसरं. 'आहे?' हे तिसरं. एका पत्राची पंधरा-सोळा पानं. त्यांना वाचता यावं म्हणून. तुला किती वेळ लागला असेल याचा मी अंदाज करायला गेले आणि सोडून दिला.

"पयली मी वाचली, मीच," काका म्हणाले. "मागची दोन हिने वाचून दाखवली. तुमी वाचा आता. त्यांच्याबरोबर काम केलेला हाय तुमी."

मी वाचली. सगळी. मोठ्याने. 'अक्षरांचं काम सुरू आहे.' 'यंदा नक्की.' 'उशिराबद्दल क्षमा.' 'थोडंच राहिलं आहे.' माझ्या तोंडून तुझे वायदे ऐकताना त्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा असा शांत होता, जसं कुणी प्रार्थना म्हणतंय. थोडंच राहिलं आहे! कुठे राहिलं होतं रे थोडंच? परवा सभेनंतर तुझ्या आईने तुझ्या टेबलाचा खण मला उघडून दाखवला. मोठ्या कागदावर सात अक्षरं होती. 'अ'पासून 'ए'पर्यंत. देखणी होती, काय सांगू. सातच होती.

कागदावर त्या माणसासाठी तू बोटभर अक्षरं काढू शकत होतास, वर्षामागून वर्ष, हात दुखेपर्यंत. माझी वाकडीतिकडी अक्षरं मात्र पडद्यावर जाऊ देऊ शकत नव्हतास. हे मला कळत नाही. किंवा कळतं, आणि म्हणूनच संताप येतो. पत्र लिहिलं की तुला वाटत असेल, काकांचं काहीतरी केलं. मी वहीत ओळ उतरवली की मलाही तसंच वाटायचं.

पत्रं डब्यात ठेवून झाल्यावर काकांनी विचारलं, "आता एक करता येल का? ते बोलता करता येल? पुस्तकाचा नाव त्यानेच म्हणून दाखवायचा. मंग मी बसू शकेन."

माझ्या तोंडावर आलं होतं. 'बघू काका.' अगदी जिभेच्या टोकावर. आठ वर्षांची सवय. आणि किती सोपं होतं ते, किती मायेचं! त्यांनाही बरं वाटलं असतं, मलाही. मी परत येऊन वहीत उतरवलं असतं.

"नाही, काका," मी म्हटलं. "माझ्याने ते होणार नाही. मराठी बोलणारं मला येत नाही, आणि आता करायला कुणी नाही."

बाहेर कुणाच्या तरी कोंबड्या ओरडत होत्या.

"बरा," ते म्हणाले. आणि मग, रागाने नाही, नुसतंच, "पयल्याच वर्साला असा सांगितला असता त मी कार्डां टाकून दिली नसती."

रोझीने सांगितलं ते ऐक. तुला ऐकावंच लागेल. 'कपाट' यायच्या आधी त्यांच्याकडे प्रत्येक पुस्तकाचं पुठ्ठ्याचं कार्ड होतं, जाड निबाने मोठ्या अक्षरात लिहिलेलं, लाकडी खोक्यात लावलेलं. ती कार्डं त्यांना शेवटपर्यंत वाचता आली असती, निदान बोटांनी जागा तरी सापडली असती. तू पुढच्या आवृत्तीत नक्की म्हणालास आणि त्यांनी खोकी रिकामी केली. नंतर रोझी दर वर्षी म्हणायची, बाबा, मी बसते टेबलावर. ते म्हणायचे, कशाला, येनार हायत ना मोठी अक्षरां. ते तसेच मशीनसमोर बसायचे. चुकीच्या माणसाच्या नावावर पुस्तकं चढायची. लोक कंटाळले. आठवड्यात सहा दिवस उघडं असणारं वाचनालय दोन दिवसांवर आलं.

"रोझी," काका म्हणाले, "उद्यापासून तूच बस टेबलावर." ते उठले आणि हाताने चाचपत खुर्ची तिच्याकडे सरकवली. मला वाटलं होतं ते रडतील. त्यांचा चेहरा उलट हलका झाला होता, वर्षानुवर्षं स्टेशनावर थांबलेल्या माणसाला कुणीतरी गाडी येणार नाही असं सांगितल्यासारखा. एवढंच करायचं होतं, शिरीष. एक शब्द होता तो.

मी घरी आले ती तिरीमिरीत. पायातल्या चपलाही न काढता वही काढली. म्हटलं, आता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जाते आणि जे होणार नाही त्याच्यापुढे 'नाही' लिहिते, प्रत्येकाला पत्र टाकते. तुझ्यावरचा राग तसा तरी उतरेल. ग्रेगरीकाकांच्या ओळीपुढे लिहिलं. मग भराभर. गल्लीप्रमाणे यादी, नाही. दोन शाखांची एकत्र नोंद, नाही. बरं वाटायला लागलं होतं मला, अगदी खरं सांगते. तुला हरवल्यासारखं वाटत होतं.

मधल्या एका पानावर हात थांबला. त्या ओळीचं अक्षर माझं नव्हतं. वहीत सगळं मीच उतरवायचे, पत्रं वाचून, त्यामुळे ते लगेच डोळ्यांत भरलं. रेखीव, सुटं, छापल्यासारखं.

कुणाचं पत्र: शिरीष.

काय हवं: 'कपाट' बघायला दुसरं कुणीतरी. मला आता झेपत नाही.

आणि पुढे, शेऱ्याच्या रकान्यात, माझ्या गोल अक्षरात, विचाराधीन.

मला आठवत नाही रे. मी आईशपथ सांगते, मला आठवत नाही. त्या दिवशी पत्रांचा ढीग आलेला असेल, मी ओळी न वाचता वरून खाली रकाना भरत गेले असेन. तसंच करायचे मी पुढे पुढे. पण तू तोंडाने का नाही बोललास? मी दीड हातावर बसायचे. माझा कोपर तुला लागायचा. वहीत कशाला लिहिलंस, शहाण्या, परक्या माणसासारखं? आणि लिहिलंस तर माझा शेरा बघून उठून माझ्या अंगावर का आला नाहीस? एकदा तरी ओरडायचं होतंस. मी ऐकलं असतं. की नसतंच ऐकलं? 'दिवाळीपर्यंत बघ' म्हणाले असते मी? मला आता माझाच भरवसा वाटत नाही.

सकाळपासून वही समोर उघडी आहे. तुझ्या ओळीच्या खाली त्याच्या पुढच्या रविवारच्या नोंदी आहेत, सहा, सगळ्या माझ्या अक्षरात. म्हणजे मी आले होते. तूही आला असशील, तू रविवार कधी चुकवला नाहीस. तू माझ्या शेजारी बसला असशील, चष्मा पुसला असशील. आणि मी तुला विचारलं असेल, काय रे, काकांच्या मोठ्या अक्षरांचं काय झालं?